हळद वर, कुंकू खाली

सिडको, औरंगाबाद
१६ फेब्रुवारी १९८७

सौ. मनकर्णाबाई यांस दमयंतीचा सप्रेम नमस्कार.

इकडे माणसं सगळी खुशाल आहेत, अंडी मात्र नाहीत. तुम्हाला लिहायच्या पहिल्याच पत्राची सुरुवात अशी करावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तुमची प्रेरणा आमच्या शंतनूशी लग्न करून या घरात आली त्याला वर्ष झालं. कोर्टातल्या त्या लग्नात आपण दोघी समोरासमोर बसलो होतो, आणि दोघींनीही सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघण्यात घालवला. त्यानंतर ना तुम्ही आमच्याकडे आलात, ना मी पाचोडला. पत्र लिहायला काहीतरी कारण हवं होतं, ते बदकांनी दिलं.

संक्रांतीला प्रेरणा तुमच्याकडे येऊन गेली, तेव्हा पिशवीत भुसा घालून बदकाची वीस-बावीस अंडी घेऊन आली. म्हणाली, "आई, आमचं तळं आटत चाललंय. आबा बदकं विकून टाकणार म्हणतात. मी शाळेत असल्यापासून पाळलीत ती. इथं लाइट आहे, तर पेटीत उबवून बघू का?" वर्षभरात या पोरीनं माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. साडी कुठली घेऊ म्हटलं की 'तुम्ही द्याल ती', भाजी कुठली करू म्हटलं की 'तुम्ही म्हणाल ती'. घरात पाहुणी वावरावी तशी वावरते. तिनं तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट.

आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही. ह्यांचं सोवळं, सकाळची पूजा, निवृत्त झाल्यापासून तर दुपटीनं. तरी मी हो म्हटलं. अटी दोनच घातल्या. पेटी मागच्या व्हरांड्यात राहील. आणि अंडी फिरवताना बाजू कळावी म्हणून तिनं प्रत्येकावर पेन्सिलीनं फुली मारली होती, ती मी पुसायला लावली. जे जन्माला यायचंय त्याच्यावर फुली मारतात का? मी स्वतः प्रत्येक अंड्याला कुंकवाचं बोट लावून दिलं.

मोसंबीच्या खोक्यात तिनं बल्ब बसवला, शंतनूनं कंपनीतून तापमापी आणली. ती बी.एड.च्या कॉलेजला जाण्याआधी अंडी फिरवते, म्हणजे दिवसा कुंकू खाली. संध्याकाळी आल्यावर पुन्हा फिरवते, रात्री कुंकू वर. दुसरं कुणी त्या पेटीकडे फिरकत नाही.

दिवस भरले, वर आणखी काही दिवस गेले, एकही अंडं फुटलं नाही. शेवटी तिनं एक फोडलं. आत पिल्लू होतं, चोचीसकट पुरं, कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेलं. बऱ्याच अंड्यांत तसंच. तिनं सगळी मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पुरली, हात धुतले आणि कणीक मळायला बसली. रडली नाही. रडली असती तर मला पाठीवरून हात तरी फिरवता आला असता. काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, "कणीक सैल झाली." आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत राहिले.

तिला न सांगता लिहिते आहे. बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्याहून वेगळं काय लागतं ते कळवा. मला कोंबडीचंही माहीत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

तुमची विहीण म्हणवून घ्यायला अजून थोडी बिचकणारी,
दमयंती

&nbsp;

पाचोड
ता. २४ फेब्रुवारी ८७

विहीणबाईंना मनकर्णाचा नमस्कार.

तुमचं पाकीट बघून माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं पोरीचं काय बरंवाईट झालं का. मग वाचलं तर अंडी. एकदा हसले, मग पोर रडली नाय हे वाचलं आन् हसू पळालं. ती लहानपणापासून तशीच हाय. तिला लागलं की ती कामाला लागती.

आता ऐका. बदक लई आळशी, आपल्या अंड्यावर बसतच नाय. आमी खुडूक, म्हंजी उबवायला बसलेली कोंबडी बघून तिच्याखाली ठिवतो. पर कोंबडीच्या पोटाला वल नसती. बदकाच्या अंड्याला वल लागती. म्हणून शेवटच्या दिवसांत आमी रोज कोमट पाण्याचा हात मारतो अंड्यावर. तुमच्या त्या बल्बानं आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटला असंल, यंदा हवा बी कशी कोरडी ठणठणीत. पेटीत एक पसरट भांडं पाणी भरून ठिवा. तुमच्याकडं नळाला पाणी येतं ना? इथं तळ्यात मधी म्हशी बसतील येवढाच चिखल उरलाय. बदकं त्या चिखलात चोची खुपसून दिवस काढत्यात. चारा महाग म्हणून प्रेरणाच्या आबांनी परवा बाजारात चार-पाच विकली बी. म्हणाले, अंडी देत नाहीत त्यांना काहून पोसायचं.

आमचा पुतण्या रामकिसन मोसंबी घेऊन तुमच्या मंडईत येतो. त्याच्या हाती दुसरी अंडी पाठवते. ताजी हायेत.

एक इचारू का? राग मानू नका. अंडं घरात आलेलं तुमाला खरंच खपतं का? पिल्लं निघू नयेत असं कुणाच्या मनात तर नाय ना? मी सरळ बाई हाय, मनात ठिवून मला झोप लागत नाय.

मनकर्णा

&nbsp;

सिडको, औरंगाबाद
१८ मार्च १९८७

सौ. मनकर्णाबाईंस,

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून मला राग आला. मग स्वयंपाक करता करता गेला. उत्तर देते: पहिले दोन दिवस खपत नव्हतं. आता मीच दुपारी पेटीशी जाऊन तापमापी बघते. एवढंच.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. आमच्याकडे नळ आता तीन दिवसांनी येतो, तोही अर्धा तास, आणि या नव्या कॉलनीत शेवटच्या गल्लीपर्यंत येता येता त्याची धार करंगळीएवढी होते. तरी पेटीतलं भांडं एक दिवस कोरडं ठेवलं नाही. ह्यांनी त्यासाठी आपल्या आंघोळीतलं एक तांब्या पाणी कमी केलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला बादलीवरून कळलं.

आणि एवढं करून काय, तर दहाव्या दिवशी शंतनूनं टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी लावून अंडी बघितली. आत जीव धरला असेल तर लाल शिरा दिसतात म्हणे. एकाही अंड्यात काही नाही. नुसता पिवळा उजेड. मागच्या वेळी निदान मेलेली तरी पिल्लं होती, या वेळी काहीच नाही. आम्ही सगळे चक्रावून गेलो आहोत. पाणी दिलं तर आधीपेक्षा वाईट कसं झालं? हे म्हणतात, "अंडी शिळी असतील." मी म्हटलं, असं म्हणू नये. पण रामकिसनच्या टेम्पोत ती किती दिवस हिंडली, एवढं मात्र कळवा.

दुसरं एक सांगायचं आहे. शंतनूची कंपनी चितेगावला, तुम्हाला माहीतच आहे. तिथं कामगारांसाठी क्वार्टर बांधली आहेत, मागे अंगण आहे. दोघं त्याबद्दल बोलत होते ते कानावर आलं. प्रेरणा म्हणाली, "पिल्लं निघू द्या, मग बघू." म्हणजे पिल्लं निघाली की ती जाणार, असा मी अर्थ घेतला. इथं तिचा जीव गुदमरत असणार. नाहीतर वर्षभर इतकं गप्प कुणी राहतं का? मी शंतनूला बाजूला घेऊन सांगितलं की अर्ज करून टाक. माझ्यासाठी अडू नका.

सांगितलं खरं, पण त्या दिवसापासून घरात भांडं पडलं तरी मला रडू येतं. या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. ती आली. तीही बोलत नाही, पण माझ्या शेजारी बसून शेंगा सोलते. तेवढं मला पुरत होतं. ती गेली तर मला फार जड जाईल. हे तिला सांगू नका.

दमयंती

&nbsp;

पाचोड
ता. २७ मार्च ८७

विहीणबाई,

शिळी अंडी आमी शेजाऱ्याला बी देत नाय, लेकीला देऊ का? तुमचं पत्र वाचून माझं डोकं असं फिरलं की मी तशीच उठले आन् बदकं ज्या आडोशाला बसत्यात तिथं गेले. म्हटलं आज आपणच बघू काय बिघडलंय.

बघते तर समद्या माद्या.

नराच्या शेपटीला वर वळलेलं एक पीस असतं आन् त्याचा आवाज बसलेला असतो, घसा धरल्यावानी. मोठ्यानं कॅककॅक करती ती मादी. एकाच्या बी शेपटीला पीस नाय. प्रेरणाच्या आबांना इचारलं तर म्हणाले, "जी अंडी देत नव्हती ती इकली की." आता नर कुठून अंडी देणार? साठ वर्षांचा माणूस, घरात चार लेकरं झाली, आन् येवढं कळू नये. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाय. तुमच्या टॉर्चात नुसता उजेड दिसला त्याचं कारण हेच. तुमच्या पाण्याचा काही दोष नाय. तुमच्या घरच्या श्रीधररावांना सांगा, अंडी ताजी व्हती, पर वांझ व्हती. माझी बी मान खाली गेली.

शेजारच्या सरूबाईकडं एक नर हाय. तो मागून आणलाय. पाणी नसल्यानं त्याचं बी मन लागंना, म्हणून टिनाच्या मोठ्या घमेल्यात पाणी भरून ठिवते, आमच्या प्यायच्या पाण्यातलं. आबा बघत्यात आन् तोंडातल्या तोंडात बोलत्यात. बोलू द्या. थोडे दिवस जाऊ दिले की अंडी धरतील. मग पाठवते. ही शेवटची बरं का. तळ्याचा तळ फुटलाय, भेगांत पाय जातो. औरंगाबादचा एक हॉटेलवाला बदकं घ्यायला येणार हाय, बोलणं झालंय.

चितेगावचं कळलं. तुमी अर्ज करा म्हणालात, बरं केलंत. ज्याचं त्याचं घर ज्याला त्याला. सुनेला आपल्यातून काढून द्यायचंच ठरवलं तर कुणी काय करणार. मी बी प्रेरणाला लिहिलं की जा बाई, आपली चूल मांड, सासूच्या डोळ्यांत सलत राहू नको. तुमाला जड जाईल असं लिहिलंत ते वाचलं. खरं असंल बी. पर मग अर्ज काहून करायला लावला, ते मला काही उमजंना.

मनकर्णा

&nbsp;

सिडको, औरंगाबाद
२६ एप्रिल १९८७

प्रिय मनकर्णाबाई,

तुमच्या टोमण्याचं उत्तर नंतर. आधी इकडचं ऐका, नाहीतर मला लिहिताना पुन्हा हसू येईल आणि राहून जाईल.

तिसरी अंडी सोळा तारखेला पेटीत ठेवली. आठवड्यानं शंतनूनं टॉर्च लावला आणि आम्हाला सगळ्यांना हाक मारली. आत लाल धागे. मधे एक काळा ठिपका, तो चक्क हलत होता. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग काढून पाहिलं, मग आत गेले. प्रेरणानं माझ्याकडे बघितलं. हसली नाही, पण बघितलं.

आता मुख्य गोष्ट. विजेच्या कपातीमुळे शंतनूच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी होती. तो सकाळपासून व्हरांड्यात बाजेवर पेपर घेऊन लोळत होता. प्रेरणानं अंडी फिरवली, कुंकू खाली केलं आणि कॉलेजला गेली. थोड्या वेळानं हे पूजा आटोपून तुळशीला पाणी घालायला निघाले. वाटेत थांबले, पेटीचं झाकण उघडलं आणि एकेक अंडं हळूच उलटं केलं. कुंकू वर. शंतनूला वाटलं, बाबांना काम वाटून दिलं असेल. दुपारी चारला मी गेले. बघते तर कुंकू वर. म्हणजे पोरगी आजही सकाळी घाईत विसरली. मी सगळी फिरवली, कुंकू खाली. थोड्या वेळानं प्रेरणा आली, पदर खोचला आणि पुन्हा सगळी फिरवली. कुंकू वर.

शंतनू बाजेवरून खाली पडला. म्हणाला, "अरे, तुम्ही तिघं मिळून ती जागच्या जागी ठेवताय!"

मग घरात जी चौकशी झाली ती कोर्टात झाली नसेल. हे म्हणाले, "सौभाग्याचं कुंकू जमिनीकडे तोंड करून ठेवतात का? मला पाहवत नव्हतं. पण तिच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून बोललो नाही." मी म्हटलं, मला रोज वाटायचं प्रेरणा विसरते. ती आल्यावर तिला ओशाळं वाटू नये म्हणून मी गुपचूप फिरवून ठेवायचे. आणि ती बिचारी रोज यायची, आपण सकाळी ठेवली तशीच कुंकू खाली बघायची आणि बिनधास्त वर करायची. तिला संशय यावा कसा? पहिल्या खेपेपासून हेच चाललं होतं. दिवसातला एक तास सोडला तर कुंकू सदैव वर. एकाच अंगावर पडून राहिलं की आतला जीव कवचाला चिकटतो, हे प्रेरणानं तेव्हा सांगितलं. पहिली पिल्लं कोरड्या हवेनं गेली तशी आमच्या मायेनंही गेली. मी तुम्हाला लिहिलं होतं ना, दुसरं कुणी पेटीकडे फिरकत नाही म्हणून. मला खरंच वाटत होतं की मी फिरकते ते धरायचं नसतं.

प्रेरणा हे सगळं ऐकत उंबऱ्यावर बसली. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग ती मोठ्यानं हसली, या घरात पहिल्यांदाच, आणि हसता हसता रडायला लागली. मी जाऊन पाठीवरून हात फिरवला. या वेळी कणकेचं नाव काढलं नाही.

उपाय ह्यांनी काढला. म्हणाले, दोन्ही बाजूंना कुंकू लावा. मग खूण कशाला म्हणतात हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी एका बाजूला कुंकू आणि दुसऱ्या बाजूला हळद लावली. आता कुठलीही बाजू वर असली तरी ह्यांचं मन शांत. फिरवायचं काम एकट्या प्रेरणाचं, आणि फिरवलं की तिनं सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडायचं. सकाळी "हळद वर, कुंकू खाली" अशी हाळी येते. शेजारच्या बाईंनी काल विचारलं, कसलं व्रत आहे?

आठवडा फुकट गेला आहे. किती वाचतील कोण जाणे. शेवटच्या दिवसांत काय करायचं ते लिहा.

टोमण्याचं उत्तर: अर्ज का करायला लावला ते मलाही नीट उमजलेलं नाही. तिला हवं असेल म्हणून.

दमयंती

&nbsp;

पाचोड
ता. ५ मे ८७

विहीणबाई,

तुमचं पत्र मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चला, खुळा मी एकटाच नाय." आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते तुमच्या कुंकवामुळं.

आता नीट ऐका. शेवटचे तीन दिवस अंडं अजिबात फिरवायचं नाय. पिल्लू तवा चोच कुठं मारायची ती जागा धरतं. कोमट पाण्याचा हात त्याआधी रोज मारा. ऊन असं तापलंय की दुपारी बल्ब बंद ठिवला तरी चालंल, तापमापी बघा. अंड्याला बारीक भोक पडलं की समद्यांना हात लावावासा वाटंल. लावू नका. पेटी उघडू बी नका, आतली वल पळती. बदकाचं पिल्लू भोक पाडून दीस-दीस थांबतं. कवच सोलून मदत करायला गेलं की रगत येतं आन् ते मरतं. पिल्लाला येऊ द्या आपल्या पायानं. हे श्रीधररावांना दोनदा सांगा.

आमची बदकं गेली. टेम्पोत भरताना लई ओरडली. एक माझ्या लुगड्याला धरून बसलं व्हतं. मी म्हटलं न्या बाबा लवकर. रिकाम्या आडोशाकडं बघवत नाय. येवढं वाईट वाटंल असं मला वाटलं नव्हतं. आता जे काय हाय ते तुमच्या पेटीत हाय.

मनकर्णा

&nbsp;

सिडको, औरंगाबाद
२० मे १९८७

प्रिय मनकर्णाबाई,

नऊ निघाली.

पहिलं अंडं टोकरल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही चौघं व्हरांड्यात हात मागे बांधून उभे होतो, शाळेत बाईंनी उभं केल्यासारखे. ह्यांनी दोनदा विचारलं, "थोडंसं सोलू का?" प्रेरणा म्हणाली, "बाबा, माझ्या आईनं लिहिलंय ना." तेरा अंडी फुटलीच नाहीत, त्यांचं वाईट वाटतं. पण नऊ पिवळे जीव खोक्यात एकमेकांवर पडून झोपले आहेत. अंग वाळल्यावर पेटीचं झाकण काढलं तेव्हा समोर सोवळं नेसून हे उभे होते. पिल्लांनी सगळ्यात आधी ह्यांनाच बघितलं आणि तीच आपली आई धरली. आता हे तुळशीकडे निघाले की मागे नऊ पिल्लांची रांग. पूजा चालू असताना उंबऱ्याबाहेर गोंधळ घालतात. ह्यांनी तक्रार केल्यासारखं तोंड केलं आहे, पण पूजा लवकर उरकतात.

एवढं सुखाचं लिहून आता दुसरं लिहिते. चितेगावचं क्वार्टर मंजूर झालं. एक तारखेला ताबा. शंतनूनं कागद टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रेरणानं आपल्या साड्या ट्रंकेत भरायला काढल्या. घड्या घालते, परत उलगडते, परत घालते. आनंद झाला असेल तर दिसत नाही. मी विचारलं, "पिल्लांना तिकडे अंगण बरं पडेल, नाही का?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

पुन्हा ते वर्षभराचं उत्तर. मनकर्णाबाई, मला काही कळत नाही. ती खुशीनं जाते आहे की कसं? थांब म्हणायचा मला हक्क आहे का? आणि मी थांब म्हटलं आणि ती केवळ माझ्या शब्दाखातर थांबली, तर तो पुन्हा गळफासच. तुम्ही तिची आई. तिच्या मनात काय आहे ते तुम्हीच कळवा.

दमयंती

&nbsp;

पाचोड
ता. २५ मे ८७

विहीणबाई,

नऊ निघाली हे वाचून मी रामकिसनला गूळ दिला, आबांना दिला, सरूबाईला तिच्या नराच्या वाटचा दिला.

तिच्या मनातलं मला कळत नाय. तिनं मला येवढंच लिहिलं, "तू जा म्हणालीस, जाते." मी जा म्हणाले ते तुमच्या मनात तिला काढायचं हाय असं समजून. पोरीनं हाकलून देण्याआधी मानानं निघावं, येवढाच माझा हेतू. आता तुमी म्हणता तुमाला ती हवी. मग मी चुकले का तुमी चुकलात, माझं डोकं चालंना.

मला काहून इचारता? ती तुमच्या शेजारी बसून शेंगा सोलती. तिलाच इचारा. न इचारता आपण दोन खेपा अंडी घालवली.

मनकर्णा

&nbsp;

सिडको, औरंगाबाद
३१ मे १९८७

प्रिय मनकर्णाबाई,

विचारलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा ती ट्रंकेपाशी बसली होती. धीर होईना म्हणून मी शेंगा भरलेलं सूप घेऊन शेजारी बसले. चार शेंगा सोलून झाल्यावर म्हटलं, "प्रेरणा, तुला चितेगावला जायचं आहे का? माझं काय, बाबांचं काय, ते सोड. तुला जायचं आहे का?"

तिनं हातातली शेंग परत सुपात टाकली. मग म्हणाली, "आई, मी कधी म्हटलं जायचं? शंतनूंनी क्वार्टरचं काढलं तेव्हा मी म्हटलं पिल्लं निघू द्या, मग बघू. म्हटलं तोवर विषय मागे पडेल. आणि ते म्हणाले, आईनंच अर्ज करायला सांगितलंय. मला वाटलं, झालं, तुम्हालाच मी नको आहे. मग माझ्या आईचं पत्र आलं, जा म्हणून. सगळेच जा म्हणतात, तर मी राहते कशी म्हणू?"

मी म्हटलं, "अगं, तुला हवं असेल म्हणून मी सांगितलं." ती म्हणाली, "आणि तुम्हाला हवं असेल म्हणून मी साड्या काढल्या." मी बाहेर येऊन शंतनूला विचारलं, "तुला जायचं होतं का रे?" तो म्हणाला, "मला काय, कंपनीची बस दाराशी येते. प्रेरणाला इथं करमत नसेल म्हणून विषय काढला होता." म्हणजे चितेगावला कुणालाच जायचं नव्हतं, आणि सगळे मिळून निघालो होतो. अंड्यांना निदान एक शंतनू भेटला.

परत आत जाऊन मी तिला स्पष्ट म्हटलं, "राहा. मला तू हवी आहेस." एवढे चार शब्द बोलायला मला वर्ष लागलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सूप उलटलं. तेवढ्यात हे पिल्लांना घेऊन आत आले, तर पिल्लांनी शेंगांचा फडशा पाडायला सुरुवात केली. त्यांना शेंगदाणे चालतात का ते कळवा. शंतनूनं काल क्वार्टरला नकार दिला. साड्या कपाटात गेल्या.

पिल्लांसाठी मागच्या व्हरांड्यात सिमेंटचं एक लहान टाकं बांधतो आहोत. नळ अजूनही तीन दिवसांनीच येतो, तेव्हा ते भरणार कसं हे ह्यांनी अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडे पाऊस होऊन तळं भरलं, की यांतली निम्मी तुमची. नर किती ते आधी शेपट्या बघून ठरवू, आबांना मोजायला देऊ नका.

आता शेवटचं. लग्नाला वर्ष उलटलं, तुम्ही तुमच्या लेकीचं घर पाहिलेलं नाही. मी आजवर बोलावलं नाही, कारण मला वाटायचं तुम्हाला यायचं नसेल. तुम्हाला बहुधा वाटत असेल की मला बोलवायचं नाही. पाचोडहून एस.टी. येते. क्रांती चौकात उतरलात तर प्रेरणा आणि मी न्यायला उभ्या राहू. आमच्याकडे राहा, चार दिवस तरी. तुम्हाला यायचं आहे का? मी सरळ विचारते आहे. 'तुम्ही म्हणाल तसं' असं उत्तर पाठवू नका.

तुमची विहीण,
दमयंती